रक्तातली धुराची खूण, हृदयविकाराचा अंदाज आणि चाचणीचं बिल

शिकागोच्या कार्डिओ डायग्नॉस्टिक्स कंपनीने २०२१ मध्ये एपि+जेन सीएचडी नावाची रक्तचाचणी अमेरिकेत आणली. पुढच्या तीन वर्षांत हार्ट अटॅक किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारी दुसरी गंभीर घटना घडण्याचा धोका किती, याचा अंदाज ती रक्तातल्या डीएनएवरून देते. २०२३ मध्ये त्याच कंपनीची प्रिसिजनसीएचडी आली. ती पुढचं बोलत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आत्ता आहे का तेवढं सांगते. दोन्हींची मुळं आयोवा विद्यापीठातल्या रॉबर्ट फिलिबर्ट यांच्या कामात आहेत, आणि सिगारेटचा धूर रक्तात मागे ठेवतो ती खूण मोजण्याची पद्धतही त्याच गटाने बरीच पुढे नेली. त्यामुळे धूर मोजणारी चाचणी आणि हृदयाचा धोका सांगणारी चाचणी या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. दोन्हींचा दर्जा वेगळा, उपयोग वेगळा आणि कोणी घ्यावी याचं उत्तरही वेगळं.

थोडक्यात मत असं: धुराची खूण हे मोजमाप म्हणून अव्वल आहे, पण स्वतः ओढणाऱ्याला त्याची गरज क्वचितच पडते. हृदयाची चाचणी कल्पना म्हणून चांगली आहे, पण तिच्याआधी करण्यासारख्या तीन-चार स्वस्त गोष्टी बहुतेकांनी केलेल्याच नसतात. आणि जो तंबाखू ओढत नाही, चघळतो, त्याने धुराच्या चाचणीवर एक पैसाही घालू नये.

खूण कुठे असते

पाचव्या गुणसूत्रावर एएचआरआर नावाचं जनुक आहे. धुरातली पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन, म्हणजे जळण्यातून निघणारी रसायनं, पेशीत शिरली की त्यांना पकडणारं एक प्रथिन, रिसेप्टर, जागा होतो आणि ती विषं मोडण्याची यंत्रणा सुरू करतो. या यंत्रणेला लगाम घालायचं काम एएचआरआरचं. रोज धूर येत राहिला की लगामही सतत ओढावा लागतो, आणि मग या जनुकावरच्या ठरावीक जागांचे मिथाइल गट, म्हणजे डीएनएला चिकटलेले छोटे रासायनिक तुकडे, गळू लागतात. त्यातली सर्वांत बोलकी जागा सीजी०५५७५९२१. प्रयोगशाळा या जागेचे डीएनएचे हजारो तुकडे तपासते आणि त्यांतल्या किती टक्के तुकड्यांवर मिथाइल शिल्लक आहे ते सांगते. कधीच न ओढलेल्या माणसात हा आकडा साधारण ८० ते ९० टक्के असतो. रोज पाकीटभर ओढणाऱ्यात तो ६०च्या आसपास येतो, काहींत ५०च्याही खाली.

ही घसरण जितकं ओढलं त्या मानाने होते, आणि यातच चाचणीची खरी कमाई आहे. ‘ओढता का’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. इथे किती ओढलं याचाही बऱ्यापैकी हिशेब मिळतो. हे एका गटाचं म्हणणं नाही. नॉर्वेतल्या नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात आईच्या सिगारेटची हीच खूण सापडल्याचं २०१२ मध्ये छापून आलं. २०१६ मध्ये सोळा गटांतल्या १५,९०७ लोकांचा डीएनए एकत्र तपासला गेला, तेव्हाही एएचआरआर यादीच्या वरच्या टोकालाच होतं. जर्मनीत एफटूआरएलथ्री या दुसऱ्या जनुकावर अशीच खूण मिळाली. ते जनुक प्लेटलेटवरचा थ्रॉम्बिनचा रिसेप्टर बनवतं, म्हणजे रक्ताची गुठळी होण्याशी त्याचं थेट नातं आहे. हृदयविकाराच्या संशोधकांचं लक्ष तिकडे गेलं ते म्हणूनच.

निकोटीनच्या नेहमीच्या चाचणीशी तुलना केली की फरक कळतो. निकोटीनपासून शरीरात बनणारं कोटिनिन त्यात लघवीत किंवा रक्तात मोजतात. ते साधारण १६ ते २० तासांत निम्मं होतं, चार-पाच दिवसांत जवळपास निघून जातं. फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र त्याहून अल्पस्मृती, तिथे चार-पाच तासांत निम्मं. विम्याच्या मेडिकलआधी आठवडाभर सिगारेट सोडून कोटिनिन ‘निगेटिव्ह’ आणता येतं; एएचआरआरला आठवडाभराच्या संयमाने फरक पडत नाही. उलट निकोटीनची गोळी किंवा पॅच घेऊन प्रामाणिकपणे सोडणारा माणूस कोटिनिनवर ‘पॉझिटिव्ह’ दिसतो, पण त्या गोळी-पॅचमुळे एएचआरआरचा आकडा उतरत नाही, कारण ही खूण निकोटीनची नाहीच, धुराची आहे.

आकडा वाचताना

अहवालात एक टक्केवारी आणि तिच्यापुढे ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ असं काहीतरी येतं. टक्केवारी पाहा, शब्द नंतर. ८४ आणि ८२ यांत फरक मानू नका, तेवढा हेलकावा मोजणीतच असतो. ७२ म्हणजे हलकं पण नियमित ओढणं, किंवा पूर्वी भरपूर ओढून काही वर्षांपूर्वी सोडलेलं. यातलं कोणतं, हे आकडा एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी सोबत कोटिनिन लागतं: एएचआरआर उतरलेलं आणि कोटिनिन नाही, तर बहुधा सोडलेला माणूस, दोन्ही बोलतात आणि निकोटीनची गोळी-पॅच किंवा चघळणं नाही, तर बहुधा अजून ओढणारा. या दोन चाचण्यांची जोडी एकेकटीपेक्षा कितीतरी कामाची आहे, आणि पॅकेजमध्ये ती क्वचितच एकत्र देतात.

पद्धत कोणती वापरली तेही विचारून घ्या. मायक्रोॲरेवर एकाच वेळी लाखो जागा वाचल्या जातात, डिजिटल पीसीआर या डीएनएच्या प्रती काढून मोजणाऱ्या पद्धतीत ही एकच जागा, पण बारकाईने. दोन्हींच्या आकड्यांत काही टक्क्यांची तफावत येऊ शकते. मार्चमधला आकडा एका लॅबचा आणि डिसेंबरमधला दुसरीचा, अशी तुलना करून ‘सुधारणा झाली’ म्हणणं चुकीचं.

मोजणीत बिघडतं काय? डीएनएवर आधी बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया होते. मिथाइल नसलेला सायटोसिन (डीएनएचं एक अक्षर) तिच्यात बदलतो, मिथाइल असलेला तसाच राहतो, आणि या फरकावरून खूण वाचतात. प्रक्रिया अर्धवट झाली तर मिथाइल नसलेल्या जागाही असल्यासारख्या दिसतात आणि टक्केवारी फुगते. म्हणजे ही चूक ओढणाऱ्याच्या बाजूने जाते! चांगली लॅब प्रत्येक बॅचमध्ये रूपांतर ९९ टक्क्यांच्या वर झालं का ते तपासते आणि विचारलं तर सांगते.

दुसरी भानगड पेशींच्या मिश्रणाची. रक्तातला डीएनए पांढऱ्या पेशींचा असतो, आणि ही घसरण सगळ्या पांढऱ्या पेशींत सारखी नसते. ग्रॅन्युलोसाइटमध्ये ती ठळक, टी-पेशींत फिकी. ताप, न्यूमोनिया, स्टेरॉइडचा कोर्स अशा वेळी न्यूट्रोफिल (ग्रॅन्युलोसाइटचाच एक प्रकार) वाढतात आणि आकडा हलतो. आजारातून उठल्यावर दोन-तीन आठवडे थांबून रक्त द्यावं. रक्ताचा कर्करोग किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याने ही चाचणी करूच नये, कारण प्रत्यारोपणानंतर वाचलं जातं ते दात्याचं रक्त. लाळेवरच्या किटबद्दल मत साफ आहे: लाळेत गालाच्या आतल्या पेशी आणि पांढऱ्या पेशी यांचं प्रमाण दर वेळी वेगळं असतं. ढोबळ ‘ओढतो की नाही’ कळेल, बारीक टक्केवारीवर विसंबू नये.

गांजा ओढणाऱ्यांतही ही जागा उतरते, कारण धूर तो धूरच. सिगारेट न ओढणाऱ्याचा आकडा ७५ आला की खोटारडेपणाचा शिक्का मारण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा.

नमुना

शिरेतून घ्यायचं असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी. हिरव्या झाकणाची हेपारिनवाली नको, हेपारिन पीसीआर अडवतं. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, झटकायची नाही. उपाशी राहायची गरज नाही. अनेक घरपोच किट बोटाच्या थेंबावर चालतात आणि गोंधळ तिथे होतो. हात कोमट पाण्यात धुऊन पूर्ण कोरडे करा. मधल्या किंवा अनामिकेच्या बोटाच्या कडेला टोचा, मध्यभागी नाही. पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका, पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि नमुना पातळ होतो. कागदावरचं वर्तुळ एका मोठ्या थेंबाने भरलं पाहिजे. थेंबावर थेंब टाकून थर लावू नयेत. त्यावर फुंकर मारायची नाही, ड्रायर लावायचा नाही, तीन-चार तास हवेवर वाळवायचा आणि मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट पाकिटात बंद करायचा. दमट हवेत, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात किंवा फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात, वाळायला आणखी वेळ द्या. ओलसर कागदावरचा डीएनए तुटतो आणि ‘नमुना अपुरा’ असं पत्र येतं.

चघळणाऱ्यांचं काय

महाराष्ट्राच्या वाचकाने सर्वांत लक्षपूर्वक वाचायचा भाग हा. २०१६-१७च्या ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हेनुसार महाराष्ट्रात फक्त ३.८ टक्के प्रौढ ओढतात आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरतात: चुना-तंबाखू, गुटखा, मशेरी, विदर्भातला खर्रा. एएचआरआरची खूण जळण्यातून निघणाऱ्या रसायनांवर उमटते. दिवसाला तंबाखूच्या दोन पुड्या संपवणाऱ्याचा आकडा ८५ येऊ शकतो, आणि तो अहवाल दाखवून तो घरच्यांना निश्चिंत करू शकतो.

हृदय मात्र निश्चिंत नसतं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकशी तंबाखूचं नातं मोजलं गेलं. त्याचं तंबाखूवरचं विश्लेषण २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत धोका सुमारे २.२ पट, बिडी ओढणाऱ्यांत सुमारे २.९ पट, आणि ओढणं-चघळणं दोन्ही करणाऱ्यांत चौपट. म्हणजे आपल्याकडे तंबाखूमुळे हृदय ज्यांचं धोक्यात आहे त्यांतल्या बहुसंख्यांना ही महागडी चाचणी बघतच नाही. त्यांच्यासाठी साधं कोटिनिन जास्त खरं बोलतं. बिडीवाल्यांबाबत तक्रार नाही, बिडीत जळणंच आहे.

ओढणाऱ्यांतही एक तिढा आहे. आकडा मात्रेप्रमाणे उतरतो, पण हृदयाचं नुकसान तसं सरळ रेषेत चढत नाही. २०१८ मध्ये बीएमजेत आलेल्या एकत्रित विश्लेषणात दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यांनाही वीस ओढणाऱ्यांच्या वाढीव हृदयधोक्याच्या जवळपास निम्मा धोका दिसला. एएचआरआर ७८ आलेला माणूस ‘माझं फारसं काही नाही’ म्हणतो आणि नेमकं तिथेच फसतो. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ही मोजपट्टी जास्त इमानदार आहे. कोपनहेगनमधल्या ९,२३४ लोकांच्या अभ्यासात सर्वांत खालच्या आकड्याच्या गटाला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत वरच्या गटाच्या पाचपटीच्या घरात होता. हृदयासाठी तिची रेघ तितकी सरळ नाही.

मग हृदयाची चाचणी

एपि+जेन सीएचडी तीन मिथाइलच्या जागा आणि जनुकांतले पाच फरक वाचते. प्रिसिजनसीएचडी सहा आणि दहा. हे सगळे आकडे एका मशीन-लर्निंग मॉडेलमध्ये जातात. वय, बीपी, कोलेस्टेरॉल यांच्या ठोकताळ्यांऐवजी शरीराने प्रत्यक्ष काय सोसलं ते वाचायचं, हा विचार पटण्यासारखा आहे.

आता कामगिरी. २०२१च्या एपि+जेनवरच्या शोधनिबंधात फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या जुन्या हृदय-अभ्यासातल्या लोकांत संवेदनशीलता (घटना होणाऱ्यांपैकी किती पकडले) ७९ टक्के आणि विशिष्टता (घटना न होणाऱ्यांपैकी किती बरोबर सोडले) ७५ टक्के आली. युटातल्या इंटरमाउंटन रुग्णालयांच्या गटात ७५ आणि ७२. वय, बीपी, कोलेस्टेरॉल यांवरून धोका काढणारे जुने कॅल्क्युलेटर त्याच लोकांत संवेदनशीलतेत मागे पडले. जाहिरात इथे थांबते. आपण पुढे जाऊ.

समजा १००० लोक तपासले आणि त्यांतल्या ३० जणांना तीन वर्षांत घटना होणार आहे. ७५ टक्के संवेदनशीलतेने चाचणी २२-२३ जणांना पकडते, सात-आठ सुटतात. विशिष्टता ७२ टक्के, म्हणून उरलेल्या ९७० पैकी २८ टक्क्यांना, म्हणजे सुमारे २७२ जणांना, उगाच ‘जास्त धोका’ सांगितला जातो. ‘जास्त धोका’ असा शेरा आलेल्या जवळपास २९४ लोकांपैकी घटना होणार तेवीस जणांना, शंभरातल्या आठांनाही नाही. ‘कमी धोका’ आलेल्यांत ९९ टक्के सुखरूप राहतात, हे छान वाटतं. पण चाचणी न करताही ९७ टक्के राहणारच होते. पदरात काही पडत नाही असं नाही. पण ‘७९ टक्के अचूक’ ऐकून मनात जे चित्र उभं राहतं ते हे नव्हे.

आणखी दोन खडे. एक, कंपनीचे संस्थापकच या निबंधांचे लेखक आहेत. हे निबंधात जाहीर केलेलं आहे, लपवाछपवी नाही, पण परक्या गटांनी मोठ्या प्रमाणावर हेच निष्कर्ष काढेपर्यंत हात राखून मानावं. दोन, तुलनेतले कॅल्क्युलेटर दहा वर्षांच्या धोक्यासाठी बनवलेले, आणि मोजलं तीन वर्षांवर. शिवाय फ्रेमिंगहॅम आणि युटा दोन्हीकडचे लोक बहुतांश गोरे. दक्षिण आशियाई माणसाला पहिला अटॅक येतो सरासरी ५३व्या वर्षी, इतरांना सुमारे ५९व्या, हे इंटरहार्टनेच दाखवलं. आपल्या शरीराला हे मॉडेल कसं लागू पडतं, याचा अंदाज त्या आकड्यांवरून बांधता येत नाही.

त्याआधी पैसे कुठे

अमेरिकेतल्या ४५ वर्षांच्या, वडिलांना पन्नाशीत अटॅक आलेल्या मराठी माणसाने आधी लिपिड प्रोफाइल आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेची चाचणी) करावं, घरच्या मशीनवर आठवडाभर बीपी लिहून ठेवावं. मग आयुष्यात एकदाच करायची लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका आनुवंशिक कणाची चाचणी. ५० मिग्रॅ प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर आली तर डॉक्टर गणित बदलतात. आपल्याकडे ती बऱ्याच जणांत वाढलेली असते आणि आहाराने उतरत नाही. अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या २०१८च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे, हे डॉक्टरांसमोर आवर्जून काढा. कॅल्क्युलेटरमध्ये तो खाना नसतो.

त्यानंतरही ‘स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेऊ की नको’ असं अडलं तर कोरोनरी कॅल्शियम स्कोअर. इंजेक्शन नाही, काही मिनिटांचं सीटी स्कॅन, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास. तिथे अंदाज नसतो, रक्तवाहिनीच्या भिंतीतला कॅल्शियम प्रत्यक्ष दिसतो. स्कोअर शून्य आला तर स्टॅटिन लांबवता येते, पण त्याच मार्गदर्शिकेने चालू सिगारेटवाले, मधुमेही आणि घरात कमी वयात हृदयविकार असलेले यांना यातून वगळलं आहे. ओढणाऱ्याचं शून्य हे पूर्ण शून्य नसतं.

एवढं करून प्रश्न सुटला नाही, रेडिएशन नको आणि खिसा मोकळा आहे, तर एपि+जेन घ्यायला हरकत नाही. आधी स्टॅटिन चालू आहे, स्टेंट पडलेला आहे किंवा छातीत दुखतंय, त्याने मात्र ती घेऊ नये. छातीत दुखत असेल तर लॅब नव्हे, इमर्जन्सी.

‘जैविक वय’ सांगणाऱ्या किटचंही सांगायला हवं. त्यांतलं नावाजलेलं ग्रिमएज मॉडेल २०१९चं. किती पाकीट-वर्षं (रोजची पाकिटं गुणिले वर्षं) ओढलं याचा डीएनएवरून काढलेला अंदाज त्यात थेट मिसळलेला आहे. म्हणजे ओढणाऱ्याला ‘तुमचं वय सात वर्षांनी जास्त’ असा जो धक्का बसतो, त्यातला मोठा वाटा त्याच्या सिगारेटीच वेगळ्या नावाने परत सांगत असतात. वेगळी बातमी नाही.

धुराची चाचणी खरंच कुठे उपयोगी

सोडण्याच्या प्रयत्नात. सोडल्यावर आकडा महिन्याभरात हलू लागल्याचं आयोवाच्या गटाने दाखवलं आहे, पण पूर्ण वर यायला वर्षं लागतात. २०१६च्या त्या मोठ्या विश्लेषणात बहुतेक जागा पाच वर्षांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला आल्या. काही, ज्यांत एएचआरआर आणि एफटूआरएलथ्रीवरच्याही आहेत, तीस वर्षांनंतरही पुरत्या भरल्या नव्हत्या. बहुतेक पांढऱ्या पेशी काही दिवसांत मरतात, मग खूण इतकी कशी टिकते? ती अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत पोचलेली असते, असं मानलं जातं. हृदयाचा धोका मात्र खुणेपेक्षा फार लवकर उतरतो, वर्षभरात बराच. म्हणून सोडून दीड वर्ष झालेल्याने ७४ आकडा बघून ‘मग सोडून उपयोग काय’ असं म्हणू नये. आकडा जुनं बिल दाखवतोय, हृदयाचं खातं वेगळं चालतं.

सोडणाऱ्याने चाचणी करायचीच ठरवली तर पहिला नमुना शेवटच्या सिगारेटच्या आठवड्यात द्यावा, दुसरा तीन महिन्यांनी, तिसरा वर्षाने. त्याहून दाट नको, पैसे वाया जातात. तिन्ही एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने, तिन्ही शिरेच्या रक्तावर किंवा तिन्ही बोटाच्या थेंबावर. तीन महिन्यांनी आकडा दोन-चार टक्के वर सरकला आणि कोटिनिन नसेल तर गाडी रुळावर आहे. आकडा जागचा हलला नाही आणि कोटिनिनही नाही, तर आधी मधल्या काळात ताप किंवा स्टेरॉइड झालं का ते बघा, मग लॅबला त्या बॅचचं बायसल्फाइट रूपांतर किती टक्के झालं ते विचारा, आणि त्यानंतरच माणसावर शंका घ्या.